भेंडीची तार आणि पित्ताचा फेरा

आमच्या आईचं भेंडीशी वैर नव्हतं, भेंडीच्या तारेशी होतं. भेंडी आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरायची, सकाळी एकेक पुसून चिरायची, विळीला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. एवढं करूनही कढईत तार सुटलीच, तर दोन आमसुलं टाकायची. "भाजी बुळबुळीत झाली की तुझे वडील ताट सरकवतात," हे तिचं कायमचं गाऱ्हाणं. वडील ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. भेंडी न खाल्ल्यामुळे गेले असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. दिवसाला दोन बंडल विड्या ओढत होते. पण पुढे माझ्याच हातात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि मी वाचायला बसलो, तेव्हा कॅनडातल्या एका आहारप्रयोगाच्या यादीत भेंडी आणि वांगं ही दोन नावं दिसली. आईने जी तार मोडायला जन्मभर आमसुलं खर्ची घातली, ती तिकडे ग्रॅममध्ये मोजून लोकांना खायला घालत होते.

सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे. १९८९ साली डी.फार्म. होऊन बसलो तो अजून त्याच काउंटरमागे आहे. आमच्याकडे दुकानाला कुणी दुकान म्हणत नाही, 'मेडिकल' म्हणतात आणि मला 'मेडिकलवाले'. माझ्या डाव्या हाताला गोळ्या-इंजेक्शनांची कपाटं, उजव्या हाताला चूर्णं, काढे, आसवं, अरिष्टं. पूर्वी उजव्या बाजूला बघायची ती म्हातारी माणसं. आता पस्तिशीतली पोरं मोबाइल पुढे धरतात, "काका, हे मिळेल का?" पडद्यावर कुणीतरी आलं, लसूण, लिंबू आणि व्हिनेगर उकळत असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'नसांमधला कचरा साफ'. तुंबलेल्या मोरीत सोडा ओतल्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं आणि माणूस भुलतो.

मीही भुललो, आणि मला तर तसं म्हणायला तोंडही नाही.

५७ व्या वर्षी रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल २४०, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल ४२, एलडीएल १६८. यातलं एलडीएल हे खरं बघायचं. कोलेस्टेरॉल रक्तात एकटं फिरू शकत नाही, प्रथिनांच्या वेष्टनात बसून फिरतं. एलडीएल हे त्यातलं असं वेष्टन, की जे जास्त झालं तर धमन्यांच्या भिंतीत शिरून बसतं. डॉक्टरांनी वडिलांची हकीगत विचारली, रक्तदाब बघितला आणि ॲटॉर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम लिहून दिली. ज्या गोळीच्या हजारो पट्ट्या मी "न चुकता घ्या हं" असं बजावून लोकांना दिल्या, ती स्वतःवर आली तेव्हा मी गल्ल्याच्या खणात टाकली. मिरजेकडून येणारी एक आजी मला नेहमी विचारायची, "दादा, ही गोळी येकदा सुरू झाली की सुटत न्हाय म्हनत्यात, खरं हाय का?" मी तिची समजूत काढायचो. रिपोर्ट माझा आला तेव्हा ती आजीच माझ्या डोक्यात जाऊन बसली.

मग उजव्या हाताचं कपाट उघडलं. गुग्गुळाच्या गोळ्या, सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या, आणि आमराईत फिरायला येणाऱ्या मंडळींच्या नादाने दुधीचा रस. तीन महिने.

गुग्गुळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही गोष्ट अर्धीच सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या रानात वाढणारं हे काटेरी झुडूप. सालीला चिरा दिल्या की राळ पाझरते, ती वाळली की गुग्गुळ. आपण ती धुपातही जाळतो. सुश्रुतसंहितेत मेदावर गुग्गुळ सांगितला आहे. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या संशोधक बाईंनी हाच धागा धरला. सशांना कोलेस्टेरॉल वाढेल असा आहार दिला, सोबत गुग्गुळ दिला, आणि त्यांच्या रक्तातलं मेदाचं प्रमाण व धमन्यांची स्थिती तपासली. १९६६ चा त्यांचा प्रबंध म्हणजे जुन्या ग्रंथातलं एक वचन प्रयोगशाळेत उतरवून बघण्याचा उत्तम नमुना. (याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या महासंचालक झाल्या.) पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने राळेतला उपयोगी अंश वेगळा काढला, आपल्याकडच्या चाचण्यांत एलडीएल उतरल्याचं दिसलं आणि १९८० च्या दशकात 'गुगुलिपिड' औषध म्हणून बाजारात आलं. तेव्हा मी नुकताच दुकानात बसलो होतो. अभिमानाने विकायचो.

गोष्ट सहसा इथे थांबवतात. पुढचा भाग असा. २००३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी केली. काहींना रोज तीन वेळा १००० मिलिग्रॅम, काहींना तीन वेळा २०००, आणि काहींना दिसायला तशीच पण आत काहीच नसलेली गोळी. नुसत्या गोळीवाल्यांचं एलडीएल ५ टक्के उतरलं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं ४ ते ५ टक्के वाढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच. आपला आणि त्यांचा आहार निराळा, शरीरं निराळी, असं स्पष्टीकरण देतात; असेलही. पण उलटी आलेली चाचणी खिशात घालून सुलटी तेवढी भिंतीवर लावायची, हे मला पटत नाही. शिवाय आजचा गुग्गुळ घेताना आणखी एक गोष्ट मनात ठेवावी. राळ जास्त निघावी म्हणून झुडपांना इतक्या आडदांडपणे चिरा दिल्या जातात की झुडूपच मरतं. जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गुग्गुळ जाऊन बसला आहे.

लसणाचं लवकर उरकतो. २००७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांना सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस, लसूण दिला. काहींना कच्चा, सँडविचमध्ये वाटून, काहींना गोळ्यांतून. एलडीएल जागचं हललं नाही. इतर काही अभ्यासांत थोडा उतार दिसला आहे, तेव्हा लसूण अगदीच कुचकामी असं म्हणणार नाही. पण लसूण फोडणीसाठी आहे, भाकरीबरोबरच्या ठेच्यासाठी आहे. अनशापोटी दोन पाकळ्या चावून गल्ल्यावर बसलो, तर गिऱ्हाइकं चार हात लांब उभी राहायची, एवढाच परिणाम मला खात्रीने सांगता येतो.

दुधीचं मात्र उरकून चालणार नाही.

आपल्या मनात एक जुनी समजूत आहे: कडू तेवढं गुणकारी. एका सकाळी रस कडू लागला. शेजारी बसलेले गुरुजी म्हणाले, "अहो मेडिकलवाले, औषध गोड कधी असतं का? गिळा डोळे मिटून." गिळला. तासाभरात पोटात कळा, उलट्या, जुलाब. दुपारी बायकोने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दोन सलाइन लागली. मी स्वस्तात सुटलो. २०१० साली दिल्लीत दुधी आणि कारल्याचा एकत्र रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी नगण्य, पण एखाद्या फळात ती वाढतात आणि पोटात रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाते. समितीने सांगितलं ते साधं आहे. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा. कडू असेल तर दुधी टाकून द्या. त्यात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. पिऊन मळमळ, उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठा. दुसरा रस का नको, तर कारल्याच्या कडूपणाखाली दुधीचा कडूपणा लपतो. आणि गंमत बघा, काकडी चिरताना आई आधी टोक कापून जिभेला लावायची. कडू निघाली की अख्खी काकडी गोठ्यातल्या पाटीत. मिक्सर घरात आला आणि चाखणं संपलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. एलडीएल १७४.

बायकोने रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, तीन महिने तुम्ही कपाटातलंच खाल्लंत. आता तीन महिने स्वयंपाकघरातलं खा." ती आहारतज्ज्ञ नाही, बालवाडीत शिकवायची. पण तिच्या त्या वाक्यामुळे मी पहिल्यांदा नीट वाचायला लागलो, की कुठली झाडं काम करतात आणि नेमकी कुठे करतात. उत्तर निघालं ते रक्तात नाही, नसांत नाही. आतड्यात.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. जेवणातलं तेल-तूप पचवायला ती आतड्यात सुटतात आणि साबणाने भांड्याचा ओशटपणा सुटावा तशी स्निग्ध पदार्थ फोडतात. काम झाल्यावर शरीर ती फेकत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं परत शोषली जातात आणि यकृताकडे रवाना होतात. माझ्या लहानपणी गोटी सोड्याचा कारखाना रिकाम्या बाटल्या परत न्यायचा, तसं. बाटल्या परत येतात तोवर नवी काच घ्यावी लागत नाही. आता समजा, वाटेत कुणी बाटल्या अडवल्या तर? पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा जो तंतू असतो, तो आतड्यात नेमकं हेच करतो. पित्ताम्लं त्या गिळगिळीत लगद्यात अडकतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. यकृताला नवी बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, म्हणून ते रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. ते ओढून घेणारे ग्राहक पेशींवर असतात. त्यांच्या शोधासाठी गोल्डस्टीन आणि ब्राउन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. पित्ताम्लं अडवण्याच्या तत्त्वावर कोलेस्टिरामिन नावाचं औषधही आहे. म्हणजे ही आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट आणि औषधशास्त्रातली गोष्ट एकच निघाली.

हे कळल्यावर यादी आपोआप लहान झाली. बुळबुळीत काय काय आहे ते बघायचं.

पहिला मान इसबगोलाचा. आमच्याकडे तो बद्धकोष्ठावर खपतो. हृदयासाठी म्हणून मागणारं गिऱ्हाईक क्वचित. गुजरात-राजस्थानात पिकतो, उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरकडे त्याचा भुसा काढण्याच्या गिरण्या आहेत, आणि माल मोठ्या प्रमाणावर परदेशी जातो. १९९८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू इसबगोलातून पोटात गेला तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापायला परवानगी दिली. ७ ग्रॅम तंतू म्हणजे साधारण १० ग्रॅम भुसा. दुकानातल्या काट्यावर तोलून बघितलं: आमच्या घरचा मोठा चमचा सपाट भरला तर ५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दिवसाला दोन चमचे. एवढ्याने एलडीएल ६-७ टक्के उतरतं. कमी वाटतं? गुग्गुळाने माझं वाढलं होतं. इसबगोल मात्र मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. कोरडा घशात टाकला तर तिथेच फुगतो आणि श्वास कोंडतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. आणि तो जसा पित्त अडवतो तशी गोळीही अडवू शकतो, म्हणून इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर हवं. हे मी प्रत्येक पाकिटाबरोबर सांगतो. निम्मे लोक ऐकतात.

दुसरी मेथी. दाणे, भाजी नव्हे. मेथीदाण्याचं निम्मं वजन तंतूंचं असतं आणि त्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंकासारखा चिकट तंतू भरपूर. रात्री भिजवलेल्या मेथ्या सकाळी बोटांत धरल्या की तो जाणवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेहींना रोज १०० ग्रॅम, तेल काढलेली मेथीपूड दोन जेवणांत वाटून दिली होती. साखर उतरली, कोलेस्टेरॉलही उतरलं. पण आकडा पुन्हा वाचा: १०० ग्रॅम. इतर प्रयोगांत २५ ग्रॅमही दिली आहे. आपण लोणच्यात, मेतकुटात, मेथांब्यात जी मेथी खातो ती चवीची मेथी, चिमटीतली. आणि बाळंतिणीचे मेथीचे लाडू कोलेस्टेरॉलसाठी चांगले असं कुणी म्हणालं, तर त्या लाडवातल्या तुपाचा हिशेब आधी मागावा. आमच्या घरी मोड आणलेल्या मेथ्यांची गूळ-खोबरं घालून उसळ होते, ती आठवड्यातून दोनदा सुरू केली. पहिल्या आठवड्यात पोट तंबोऱ्यासारखं, आणि घामाला मेथीचा वास. नंतर सवय झाली. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने मेथी वाढवताना साखर तपासत राहावी, नाहीतर ती एकदम खाली जाते. गर्भारपणात मेथीचे असे प्रयोग नकोत.

मग जव. ओटमध्ये जो बीटाग्लुकन नावाचा तंतू असतो, तोच जवातही असतो. रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर उपयोग होतो हे ओटबाबत १९९७ साली मान्य झालं आणि काही वर्षांनी जवाबाबतही. ओटचा डबा महाग, जव स्वस्त. पण ओटला जाहिरात आहे आणि जवाला नाही. आमच्याकडे जवाला सातू म्हणतात. बाजारात मात्र 'सातूचं पीठ' म्हणून बहुतेक वेळा गहू आणि डाळं दळून देतात, तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचावी. आम्ही जव आणून ज्वारीत मिसळून दळून घेतले. भाकरी थापताना जरा चिरते, खायला चांगली लागते.

जवस आपल्या लोकांना सांगायला नको. सोलापूर, मराठवाडा, विदर्भात चटणीशिवाय पान वाढत नाहीत. फक्त भाजून कुटलेलाच खावा. अख्खा दाणा जसा जातो तसाच बाहेर येतो. उसळीही कामाच्या: रोज १३० ग्रॅम, म्हणजे मोठी वाटीभर शिजवलेलं कडधान्य, एलडीएल ५ टक्क्यांनी कमी करतं असं २०१४ साली २६ चाचण्या एकत्र करून दाखवलं गेलं. मटकी, हुलगे, चवळी, राजमा, जे घरात असेल ते. अर्जुनसादड्याची साल, आवळा, हळद, कढीपत्ता यांच्यावर लोकांचा जीव आहे, माझा विरोध नाही. पण त्यांच्या भरवशावर एलडीएल सोडून द्यावं असं मला तरी वाटत नाही.

आता कॅनडातली ती भेंडी. टोरंटोचे डेव्हिड जेंकिन्स हे मोठे आहारसंशोधक. पदार्थ खाल्ल्यावर साखर किती झपाट्याने चढते ते मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स त्यांचाच. त्यांनी विचार असा केला की एकेक पदार्थ ५-७ टक्केच काम करतो ना, मग सगळे एका ताटात घालू. ओट, जव, इसबगोल, भेंडी, वांगी; सोयाबीन; बदाम; आणि वनस्पतींमधले स्टेरॉल, जे दिसायला कोलेस्टेरॉलचे जुळे भाऊ असल्यामुळे आतड्यातून आत शिरण्याच्या जागा अडवून बसतात. २००३ साली ४६ जणांवर महिनाभर प्रयोग झाला. नुसता कमी चरबीचा आहार घेणाऱ्यांचं एलडीएल ८ टक्के उतरलं, त्याच आहाराबरोबर स्टॅटिनची, म्हणजे मला लिहून दिलेल्या जातीची, गोळी घेणाऱ्यांचं ३०.९ टक्के, आणि या ताटावाल्यांचं २८.६ टक्के. जवळजवळ गोळीएवढं! हा आकडा मी दुकानात कागदावर लिहून चिकटवणार होतो. मग २०११ चा पुढचा प्रयोग वाचला. या वेळी ३५१ लोक, सहा महिने, आणि जेवण आयतं नाही. फक्त सल्ला, करायचं ज्याने त्याने आपल्या घरी. उतार निघाला १३-१४ टक्के. निम्म्याने घट, पण मला हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो. कारण आपण घरी जेवतो, तिथे पाहुणे येतात, श्रीखंड होतं, गणपतीत मोदक होतात.

माझंही तसंच झालं. इसबगोल, मेथी, जव, उसळ, मूठभर भाजलेले शेंगदाणे, डालड्यातलं फरसाण बंद, आणि भेंडी तारेसकट. पहिल्या दिवशी बायकोने मुद्दाम आमसूल न घालता केली. मी ताट सरकवलं नाही, एवढंच म्हणतो. (खरं तर आमसुलाने तार मोडते, तंतू कुठे जात नाहीत. आईच्या भाजीत काही दोष नव्हता.) तीन महिन्यांनी एलडीएल १४७. एकट्या माझ्या रिपोर्टला पुरावा म्हणू नका. याच काळात मी अडीच किलो उतरलोही होतो. पण आकड्यांचा सूर कॅनडाच्या दुसऱ्या प्रयोगाशी जुळत होता.

तो कागद घेऊन ऐटीत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कौतुक केलं आणि विचारलं, "वडील कितव्या वर्षी गेले म्हणालात?" मी गप्प. ज्याच्या घरात वडिलांना ५४ व्या वर्षी झटका आला, ज्याचा रक्तदाब चढा आहे, त्याला १४७ पुरत नाही. एखाद्या तरुण माणसाला, इतर काही धोका नसताना, हाच उतार पुरला असता आणि त्याला गोळीशिवाय थांबता आलं असतं. आहार सगळ्यांना लागतो. गोळी कुणाला लागते, हे एलडीएलचा एकटा आकडा ठरवत नाही. वय, वडील, विडी, साखर, रक्तदाब मिळून ठरवतात. थायरॉइड मंदावलं तरी कोलेस्टेरॉल चढतं, म्हणून तेही एकदा बघावं लागतं. रात्री खणातली पट्टी काढली. मुदत अजून शिल्लक होती.

'केमिकलची गोळी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक सांगतो. स्टॅटिन सापडला तो बुरशीत. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले, तेव्हा १९७३ च्या सुमारास एका पेनिसिलियम बुरशीत पहिला स्टॅटिन मिळाला. १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालेला लोव्हास्टॅटिनही बुरशीतलाच. चिनी 'लाल यीस्टचा तांदूळ' नैसर्गिक म्हणून विकतात, त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, फक्त किती आहे ते पाकिटागणिक बदलतं. निसर्ग आणि केमिकल ही भांडणं काउंटरच्या अलीकडची; पलीकडे कपाटात ती एकमेकांना चिकटूनच उभी असतात. आणि तेलाच्या, शेंगदाण्याच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून दहा रुपये जास्त देऊ नका. झाडाच्या तेलात ते सांगण्याइतकं नसतंच. बटाट्यावर 'काटे काढलेला' असं लिहिण्यातला तो प्रकार आहे.

आता गोळी रात्री, इसबगोल सकाळी. शेवटचं एलडीएल ८४. मिरजेची आजी परवा आली होती. तिला म्हणालो, "आजी, गोळी सुटत नाही हे खरं. पण जेवण तरी कुठे सुटतं?" ती म्हणाली, "ते बी खरंच," आणि पिशवीतून एक बाटली काढून विचारलं, "मग हे बी चालंल का?" बाटलीला चिठ्ठी नव्हती, आत तपकिरी काढा होता, नातवाने कुठूनसा आणलेला.

गोळीबरोबर काय घेता ते डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण ते रागावतील अशी भीती. गुग्गुळामुळे रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही औषधांचा अंमल कमी होतो. लसणाचे अर्क आणि रक्त पातळ करणारी गोळी एकत्र आली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेथीचं वर सांगितलंच. तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना घरातली सगळी चूर्णं, काढे, अर्क, गोळ्या एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडा. चिठ्ठी नसलेली बाटली सगळ्यात आधी. रागावले तर रागावू द्या.